पिशवी चढवली, मग बघायचं कुणी?

मंडळी, सांगलीच्या दवाखान्यातून आत्ताच आलोय. डोकं अजून तापलंय.

धाकट्या बहिणीला रक्ताचा कर्करोग आहे. आज प्लेटलेटची आणखी एक पिशवी चढवली. तासगावचा शेजारी प्लेटलेट द्यायला द्राक्षबागेचं काम टाकून आला होता.

मी विचारलं, "तासाभरानं प्लेटलेट मोजणार ना? पिशवी लागू पडली का ते कळेल."

डॉक्टर म्हणाले, "उद्या बघू. तोवर दुसरा दाता आणा."

बहीण पडल्या पडल्या म्हणाली, "आवं डॉक्टर, फवारणी केली की आमी पान उलटून बघतो, कीड मेली का. तुमी न्हाई व्हय बघत?"

मी ओरडलोच. मग मोजलं. आकडा जागचा हलला नव्हता! आता म्हणतात, तिचं शरीर परक्या प्लेटलेट लगेच मारून टाकतंय, नुसता रक्तगट नाही, पेशींची खूणही जुळणारा दाता शोधावा लागेल. आधीच्या पिशव्यांनंतर कुणी बघितलंच नव्हतं.

देवाकडे रोज तिचं आयुष्य मागतो, तिथं आवाज चढवावा लागत नाही. इथं एका तपासणीसाठी ओरडावं का लागावं?