चुकलेल्या गणितांची डिस्क

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माढा तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात गणित शिकवणारे सर. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून ते सोडून सांगतो. दहावीनंतर वडील मला साखर कारखान्यावर चिकटवणार होते. सर घरी आले, बाजेवर बसले, आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "पोरगं फार हुशार आहे असं मी म्हणणार नाही. पण हातात घेतलेलं सोडत नाही. त्याला सोलापूरला पाठवा."

वडील म्हणाले, "सर, हुशार न्हाय म्हणताय, आन् शिकवा बी म्हणताय?"

"हुशार पोरं आपली आपण शिकतात. ह्याला पाठवावं लागेल."

मी दाराआड ऐकत होतो. वाईट वाटलं, आणि सोलापूरला आलो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला.

पदवी घेतली म्हणजे याला सगळं येतं, अशी गावाकडे समजूत आहे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासतो. दिवसभर सर्व्हर बंद असतो आणि खिडकीबाहेर रांग असते. पण गावाकडचे बिघडलेले प्रिंटर, मिक्सर, एकदा तर इन्व्हर्टरसुद्धा माझ्याकडे आलेला आहे. त्यामुळे यंदा दसऱ्यानंतर सरांचा मुलगा दुधाच्या टेम्पोत जुना कॉम्प्युटर घालून दारात उभा राहिला, तेव्हा बायको आतूनच म्हणाली, "या. जागाच जागा आहे. मी गॅलरीत झोपते."

सरांचा मुलगा ओशाळून म्हणाला, "वैनी, दुसरं कुणाचं असतं तर आणलंच नसतं. आप्पांचं हाय. चालू होतंय, पर डिस्क घेत न्हाय. चार दिस झालं, आप्पा नीट जेवत न्हाईत."

त्या डिस्कमध्ये काय आहे ते मला ठाऊक होतं. सरांनी कुणाच्या गणितावर कधी नुसती फुली मारली नाही. उत्तर चुकलं की ते मुलाला जवळ बोलवायचे आणि विचारायचे, हे कसं आलं, सांग. मूल जे सांगेल ते संध्याकाळी घरी जाऊन टाइप करायचे. चुकीचं उत्तर, मुलाचं म्हणणं, आणि खाली स्वतःच्या दोन ओळी. सगळी नोकरी संपेपर्यंत आणि निवृत्तीनंतर शिकवणीला येणाऱ्या पोरांचीसुद्धा. बाकीचे शिक्षक हसायचे. "बरोबर गणितं कुणी जपत नाही, हे चुकलेली जपतात." छापायचं कुणी विचारलं नाही, वाचायला कुणी मागितलं नाही. आणि आता शाळेत नव्याने आलेल्या गणिताच्या बाईंनी ते मागितलं होतं. घरी येऊन, हात जोडून मागितलं होतं. सरांनी हो म्हणून मशीन चालू केलं, तर हे.

दुसरी प्रत नव्हती. सरांना विचारायची सोय नव्हती, कारण त्यांना आता फोनवर काही ऐकू येत नाही.

त्या आठवड्यात मी रोज ऑफिसातून येऊन त्या पेटीसमोर बसलो. ऑक्टोबरातलं सोलापूर, पंख्याचा वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा. चालू केलं की काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची, डिस्क सापडत नाही. तारीख फार जुनी दाखवत होतं, म्हणजे आतला गोल सेल संपला होता. सेल बदलला, तारीख बरोबर झाली, डिस्क नाहीच. सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर जाऊन एकेक सेटिंग पाहिलं. तिथे डिस्कचं नाव यायचं ती जागा रिकामी. डिस्कवर तळहात ठेवला तर बारीक थरथर लागत होती. म्हणजे ती फिरत होती. जिवंत होती, आणि मशीनला दिसत नव्हती.

"उद्या बघा," बायको म्हणाली. "डोळे बघा कसे झालेत."

"डिस्कच दिसत नाहीये मशीनला."

"तुम्हालाही दिसत नाहीये. भाजी कधीची समोर ठेवली आहे."

मग राहिली केबल. ती जुनी, चपटी, पट्ट्यासारखी रुंद. कॉम्प्युटरच्या दुकानात मागितली, तर दुकानदार मनापासून हसला. "भाई, ये किधर से लाए? हमारे अब्बा के टाइम का माल है." पण मागच्या ढिगातून एक काढून दिली.

रविवारी पाणी येण्याचा दिवस होता. टाकी, पिंपं, बादल्या, शेवटी कळश्यासुद्धा भरून झाल्या, तेव्हा मी पेटीकडे वळलो. हात गळून गेले होते. डिस्कला लावलेली जुनी केबल ओढली, आणि तिच्याबरोबर तांदळाचा एक दाणा खाली पडला. कुंकवाने लाल झालेला.

टॉर्च लावून पाहिलं. डिस्कच्या खाचेत पिना दोन ओळींत उभ्या असतात. त्यातली एक आडवी झोपली होती.

मी गावाकडे फोन लावला. सरांच्या सुनेने उचलला.

"वैनी, दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली होती का?"

"केली की. मिक्सरची केली, मोटारसायकलीची केली, त्यानं काय पाप केलतं?"

"पेटी उघडी होती?"

"व्हय. धूळ लई होती आत. मी वायर काढून फडक्यानं पुसलं, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मग वायर बसंना. ह्यांनी जोर लावून बसवली." मग तिनेच विचारलं, "भावजी, त्यानंच झालं का?"

"दाणा अडकला होता. पिन वाकली आहे."

मग हळू म्हणाली, "आप्पांना सांगू नका. मला रागं भरणार न्हाईत ते, म्हनूनच सांगू नका."

ती रोज सरांचं पथ्यपाणी करते, कानाशी तोंड नेऊन पेपरातल्या बातम्या ओरडून सांगते. मी म्हणालो, "आधी सरळ होते का बघू."

पिन केसाएवढी. एकदा वाकलेली पिन सरळ करताना तुटली तर संपलं; ती नवी बसवणारा मला तरी माहीत नव्हता. बायकोने शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई दिली आणि टॉर्च धरून उभी राहिली. मी सुई पिनेखाली घातली आणि काढून घेतली. घामेजलेला हात लेंग्याला पुसला.

"चहा करू?"

"कर."

चहा झाल्यावर पुन्हा बसलो. सुईने अगदी थोडं उचललं, थांबलो, पुन्हा थोडं उचललं. पिन उठली, पण शेजारणीकडे झुकून राहिली. ती मधोमध आणताना माझी मान आखडली. बायकोच्या हातातला टॉर्च हलला नाही. नवी केबल बसवली. बटण दाबलं.

रिकाम्या जागेत डिस्कचं नाव आलं.

आनंद झाला असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मला फक्त बसावंसं वाटलं. बसता आलं नाही, कारण डिस्क मधूनमधून कट् कट् करत होती आणि ती केव्हा थांबेल याचा भरवसा नव्हता. दुपारभर फायली पेन ड्राइव्हवर उतरवल्या. शेवटची फाइल उतरली तेव्हा उन्हं कलली होती. मग एकेक उघडून पाहत बसलो. एकही कोरी नव्हती.

सरांच्या मुलाला फोन करून कळवलं. त्याने पाटीवर लिहून सरांना दाखवलं. पण एवढ्याने माझं समाधान होईना. सोमवारी ऑफिसात सर्व्हर बंद होता. तेव्हा कागद घेतला आणि हे लिहून टपालात टाकलं.

"सर,

पाया पडतो. तुमची डिस्क चालू झाली. आतलं सगळं शाबूत आहे, काहीही गेलेलं नाही. तीन प्रती केल्या आहेत. एक तुम्हाला, एक नव्या बाईंना, एक माझ्याकडे राहील. जुनी डिस्क आता वापरू नका, ती थकली आहे.

एक पिन वाकली होती. कशाने, ते विचारू नका. जुन्या मशीनमध्ये असं होतं. घरात कुणी हयगय केली नाही, उलट जास्तच जपलं.

उतरवून झाल्यावर मी वाचत बसलो. पाच वाजून दहामधून तीन चाळीस वजा करताना एका मुलीने साठऐवजी शंभर उसने घेतले आणि एक तास सत्तर मिनिटं उत्तर काढलं. तासात एवढी मिनिटं असतात का, असं तुम्ही विचारल्यावर ती म्हणाली, एसटीची वाट बघताना असतात की सर. मी एकटाच हसलो. बायको बघायला आली, मग तिलाही वाचून दाखवलं.

एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, हेही वाचलं. मुलगा म्हणाला होता, काल गणिताच्या दोन तासांपैकी एक झाला, आज तिनांपैकी एक झाला, म्हणजे पाचांतले दोन झाले. त्याखाली तुम्ही लिहिलंय, 'उत्तर बरोबर आहे, प्रश्न वेगळा आहे.' सर, माझ्या खिडकीवर रोज मुलं चुकीचे अर्ज घेऊन येतात आणि मी परत पाठवतो. हे कसं भरलंस, असं मी आजवर एकालाही विचारलेलं नाही.

माझं एखादं गणित त्यात असेल म्हणून शोधलं. नाही. मी चुकत तर पुष्कळ होतो, पण मला वाटतं मी शेजाऱ्याचं बघून चुकायचो, त्यामुळे मला विचारण्यासारखं काही नसायचं.

पुढच्या रविवारी मशीन घेऊन येतो. बाईंना त्याच दिवशी बोलावून घ्या. त्यांची प्रत मी देणार नाही, ती तुमच्याच हातून गेली पाहिजे. आणि तोवर दोन्ही वेळा जेवा."