पुसलेला तिसरा मुद्दा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि गुडघे टेकून ज्याच्याशी रोज बोलतो त्याच्याशी — तिथंसुद्धा मी विषय बदलतो. मग तुम्हाला का सांगतोय? मलाही ठाऊक नाही.

हिंगणीच्या पुढं एका लहान गावात आमची ख्रिस्ती मंडळी जमते. टिनाचा हॉल, चाळीसेक माणसं. मी तिथला पास्टर. माझा उपदेश नेहमी तीन मुद्द्यांचा. त्यावरून लोक माझी थट्टाही करतात. सुलोचना मावशी तर वहीत एक, दोन, तीन असे आकडे आधीच घालून बसायच्या.

मावशींचे मालक वारले तेव्हा गावात पुरायला जागा मिळाली नाही. मयत टेम्पोत घालून वर्ध्याला न्यावी लागली. महिनाभरानं मावशींनी अर्ज लिहिला — आमच्या लोकांना गावातच दफनाची जागा द्या म्हणून. सोमवारी तहसिलीत द्यायचा होता. त्यावर माझी सही हवी होती. मी म्हटलं, रविवारी करतो.

शुक्रवारी पोलिस ठाण्यातून फोन आला. धमकी नव्हती — खोटं कशाला बोलू? आवाज गोडच होता. हॉलची परवानगी आहे ना, एवढंच विचारलं. ती नव्हती.

शनिवारी मोबाइलवर उपदेश तयार करायचं अ‍ॅप उघडलं आणि ‘सरकार’ एवढाच शब्द टाकला. वचनं आली, टिपणं आली, आराखडा आला. पहिला मुद्दा — सत्ता देवानं नेमलेली. दुसरा — म्हणून तिच्या अधीन राहा. आणि तिसरा — सत्ता अन्याय करते तेव्हा न घाबरता न्याय मागा. खाली दाखला होता, राजाचा हुकूम मोडून बाळं वाचवणाऱ्या सुइणींचा. तो मी दोनदा वाचला. मग तिसरा मुद्दा पुसून टाकला. मावशींचा चेहरा डोळ्यांसमोर होता — तरीही.

रविवारी मी फार छान बोललो. तेच टोचतं. तितकं छान मी आधी कधीच बोललो नव्हतो.

बाहेर पडताना मावशी वही उघडून समोर आल्या. “पास्टर, तिसरा मुद्दा राह्यला ना जी? मी जागा सोडून ठेवली.”

“आज दोनच होते, मावशी.”

त्यांनी वहीतला अर्ज बाहेर काढला. “मंग अर्ज नाई देत मी. देवालेच पटत नाई, तर काऊन द्याचा?”

देवाला! तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो. त्यांनी अर्जाची घडी करून वहीत ठेवली आणि त्या घरी गेल्या.

हॉल उभा आहे. ठाण्यातून पुन्हा फोन आला नाही. त्यानंतरच्या दोन मयतीही आम्ही वर्ध्यालाच नेल्या. मावशी आता थकल्यात, पण दर रविवारी प्रार्थनेला उभ्या राहतात. खरं तेच सांगणारा पास्टर दिलास, म्हणून माझं नाव घेऊन देवाचे आभार मानतात.

आणि मी — सगळ्यांत मोठ्यानं — आमेन म्हणतो.