फिक्स सायकल आणि आबासाहेबांचा ओटा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा. नंतर मधे मधे हसलात की माझा धागा तुटतो आणि चहाही गार होतो. माझ्या हातून जन्मात गाढवपणा पुष्कळ झाला. पण ज्या गाढवपणानं अख्ख्या गावाची रीत मोडली, असा हा एकच. आणि तो मी बसल्या बसल्या केला. सायकलवर बसल्या बसल्या.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. बुलढाण्याकडचं धाड हे बाजाराचं गाव, तिथून दोन कोसांवरच्या एका गावात मी डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या शाळेत मास्तर होतो. दोन वर्षं झाली तरी टेंपररी. परमनंट व्हायचं तर कौन्सिलच्या मेंबरची चिठ्ठी बुलढाण्याला जावी लागे, आणि आमच्या भागाचे मेंबर म्हणजे गावातलेच देशमुख, आबासाहेब. या महिन्यात चिठ्ठी धाडतो, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं. एवढं ध्यानात ठेवा. माझी नोकरी त्या चिठ्ठीत अडकली होती.

आबासाहेबांची गढी रस्त्यावरच. दाराशी उंच ओटा, आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ आबासाहेब अडकित्ता घेऊन बसलेले. गावाची रीत अशी की त्या ओट्यापुढून कोणी बसून जायचं नाही. गाडीवाल्यानं गाडीतून उतरायचं, घोडीवाल्यानं घोडीवरून उतरायचं, रामराम घालायचा, पुढच्या कडुनिंबापर्यंत पायी जायचं, मग पुन्हा बसायचं. बाशिंग बांधलेला नवरदेवसुद्धा उतरायचा हो! मीही रोज उतरत होतो. शाळा गढीच्या पलीकडे, घर अलीकडे, म्हणजे दिवसातून दोनदा.

आता माझी सायकल. बुलढाण्याचा एक गोरा साहेब बदलून जाताना सामान विकून गेला, त्यात मी ती घेतली. शर्यतीची सायकल. हँडलचा दांडा मेंढ्याच्या शिंगांसारखा खाली वळलेला. साहेब चांगला सहा फुटांचा होता. माझी उंची तुम्ही पाहताच आहात. फळ्यावरची पहिली ओळ मी उभ्या नोकरीत कधी लिहिली नाही. त्यामुळे सीटवर बसलो की माझे पाय जमिनीला लागत नसत. पण त्यानं काही अडत नव्हतं. एक पाय पायडलवर ठेवायचा, दुसऱ्यानं लंगडी घालत चढायचं, आणि तसंच चालत्या सायकलवरून अलगद उतरायचं. सगळं झकास चाललं होतं.

मग नागपूरहून माझा मावसभाऊ आला. त्यानं सायकलभोवती एक फेरी मारली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, हिला फ्री आहे? नागपूरचे शर्यतवाले फिक्स चालवतात. फ्री म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं काम.

फ्री म्हणजे मागच्या चाकातली ती कट-कट करणारी चकती. तिच्यामुळे पाय थांबवले तरी चाक पळत राहतं. ती काढून साधी दात्यांची चकती पक्की बसवली की सायकल झाली फिक्स. मग चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर तुमचे पाय फिरणार. तुमची इच्छा असो नसो. हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण माहीत असणं वेगळं आणि अक्कल असणं वेगळं.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी मी सायकल घेऊन धाड गावी करीमभाईंकडे गेलो. करीमभाई म्हणजे त्या भागातले सायकलींचे हकीम. त्यांनी दोन तासांत फ्री काढून चकती ठोकून दिली. शर्यतीच्या सायकलीला ब्रेक नसतो म्हणून ब्रेकही मी काढायला लावला. त्यांना ते पटलं नाही, पण गिऱ्हाइकापुढे काय बोलणार?

निघताना ते म्हणाले, "मास्तर, फिक्सवरून उतराची एक तऱ्हा असते. ऐकून घ्या. डावं पायडल जवा खालून..."

"करीमभाई," मी म्हटलं, "मी मास्तर आहे. उतरायचं मला शिकवू नका."

त्यांनी हात पुसले. मला त्यांच्या ओट्यावरून सीटवर बसवलं आणि मागून एक ढकल दिली.

दोन कोस मी राजासारखा आलो. गाव दिसायला लागलं तेव्हा उताराचा रस्ता सुरू झाला, आणि तेव्हा माझ्या पायांनी मला पहिल्यांदा विचारलं, की मास्तर, थांबायचं कसं? मी नेहमीसारखा डाव्या पायडलवर भार देऊन उजवी तंगडी उचलायला गेलो, तर पायडलनं मला असं उडवलं की मी सीटवरून दांड्यावर आणि दांड्यावरून परत सीटवर. उतार सुरूच. पाय गरगर फिरून राहिलेले. शेवटी माझ्या घराशेजारी नारायणच्या गवताची गंजी होती, तिच्यात मी सायकलसकट शिरलो. लागलं नाही काही. मऊच होती.

शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी करीमभाईंकडे परत गेला असता. पण कोणत्या तोंडानं जाऊ? आणि पायी शाळेत जावं तर सगळ्या गावाला मी आधीच सांगून ठेवलेलं, की आपली सायकल आता नागपूरच्या शर्यतवाल्यांसारखी झाली म्हणून. तेव्हा सकाळी मी माझ्या घराच्या ओट्यावरून सीटवर चढलो. लंगडी घालून चढणं बंदच झालं होतं, कारण पायडल एका जागी राहीच ना. शाळेच्या व्हरांड्यात खांब आहे, त्याला मिठी मारून उतरू, असा माझा बेत होता. मधे गढी आहे, हे मात्र मी विसरलो.

ओटा दिसला आणि तेव्हा आठवलं. आबासाहेब बसलेले. सोबत चार माणसं. मी उतरायला गेलो, पायडलनं उडवलं, पुन्हा बसलो. निदान रामराम तरी घालावा म्हणून एक हात सोडला, तर तो हात तोल सांभाळता सांभाळता नुसताच हवेत हलला. एखादा लाटसाहेब मोटारीतून रयतेला हात दाखवतो ना, तसा. आबासाहेबांचा अडकित्ता तिथंच थांबला. मी गेलो.

संध्याकाळी परतताना ठरवलं, हात सोडायचाच नाही. दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला, मान खाली घातली आणि समोर पाहत गेलो. म्हणजे सकाळी मी साहेबासारखा हात हलवला, आणि संध्याकाळी ढुंकूनही पाहिलं नाही!

घरी गंजीतून बाहेर निघालो तर नारायण समोर उभा. नारायण म्हणजे माझा शेजारी, तरणाबांड शेतकरी. त्याचे बैल असे नखरेल, की गढीपुढे गाडी एकदा थांबली की पुन्हा चालायचं नाव घेत नसत. रोज तिथं अर्धा तास त्यांची मनधरणी. त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मास्तर, तुमी छातीचे हाये. आमच्या बापजाद्याले जमलं नाई ते तुमी केलं."

सांगा, आता याला काय सांगायचं? मला उतरता येत नाही म्हणून? मी मान डोलावली. इथंच चुकलो मी! तेव्हा तोंड उघडलं असतं तर आज ही गोष्ट नसती.

दुसऱ्या दिवशी माझ्या मागोमाग नारायण गाडीत बसून गेला. तिसऱ्या दिवशी तीन गाड्या गेल्या. चौथ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आपल्या गाढवावरून गेले, आणि त्यांनी वर आबासाहेबांकडे पाहून खाकरलंही म्हणतात. शाळेत पोरं मला उभं राहून नमस्कार करू लागली. आणि मी रोज खांबाला मिठी मारत होतो, आणि लोक म्हणत होते, मास्तरचं शाळेवर किती प्रेम!

आठव्या दिवशी गढीतून बोलावणं आलं.

गढीपुढे सगळा गाव जमलेला. मी सायकल हातात धरून पायीच गेलो. आबासाहेबांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली, आणि अगदी शांतपणे विचारलं,

"मास्तर, खरं सांगा. तुमी मुद्दाम उतरले नाई, का तुमाले उतरता आलं नाई? येत नसन तर तसं सांगा. मी हासून सोडून देतो. चिठ्ठी उद्या बुलढाण्याले जाऊन राह्यली."

पाहा, देवमाणूस! दार उघडून उभा होता. मला फक्त आत शिरायचं होतं. पण माझ्या उजव्या हाताला नारायण उभा, डाव्या हाताला अर्धा गाव, आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिलेले. माझी मान आपोआप ताठ झाली.

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे, आबासाहेब," मी म्हटलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेब म्हणाले, बरं, मग मी तसंच लिहितो, का मास्तर तत्त्वाचे हाये, अशा माणसाले आमची लहानशी शाळा पुरत नाई.

मी मागं वळलो. दहा पावलं चाललो असेन. पहिल्या पाच पावलांपर्यंत माझी छाती फुगलेली होती. सहाव्या पावलाला चिठ्ठी आठवली, आणि दहाव्या पावलाला मी परत फिरलो.

"आबासाहेब, खोटं बोललो. मले उतरता येत नाई." शुद्ध बोलण्याचं भानसुद्धा राहिलं नाही हो!

सगळं गाव खो खो हसलं. नारायणचा चेहरा एवढासा झाला, ते मला आजही आठवलं की वाईट वाटतं. पण आबासाहेब हसले नाहीत. एकदा तत्त्व सांगितलेल्या माणसावर लगेच विश्वास कोण ठेवणार? म्हणाले, "दाखवा."

म्हणजे आता नोकरी वाचवायची तर सगळ्यांपुढे पडायचं होतं. ठीक आहे, म्हटलं. आजवर रोज फुकट पडलो, आज कामाचं पडू. लोकांनी मला ओट्यावरून सीटवर चढवलं. मी कडुनिंबापर्यंत गेलो, वळलो आणि गढीकडे आलो. ओट्यासमोरची मऊ धूळ मनातल्या मनात हेरून ठेवली होती. डाव्या पायडलवर भार दिला, डोळे मिटले.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला. करीमभाई! गढीची गॅसबत्ती दुरुस्त करायला त्या दिवशी ते नेमके धाडहून आलेले. त्यांना बिचाऱ्यांना या भानगडीतलं काही ठाऊक नाही. त्यांना एवढंच दिसलं, की मास्तर पडतोय.

"मास्तर, पायडल खालून वर येऊ द्या! तेच तुमाले उचलून देते!"

आणि माझ्या पायांनी ऐकलं. माझं नाही ऐकत कधी, करीमभाईंचं ऐकलं. पायडल खालून वर आलं, त्यानं मला फुलासारखं उचललं, उजवी तंगडी मागून वळली, आणि मी आबासाहेबांच्या समोर दोन्ही पायांवर उभा. धोतराची निरीसुद्धा हलली नाही. असा उतरलो, की नागपूरचा शर्यतवाला पाहत राहिला असता.

करीमभाईंनी एकट्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा," आबासाहेब म्हणाले. "उतरता तर लय सुंदर येते."

पंधरा दिवसांनी हुकूम आला. मी परमनंट झालो. चिठ्ठीत त्यांनी चांगलंच लिहिलं होतं. फक्त शाळा दिली होती वरवट बकालची, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. गावात नारायण सांगत सुटला, की मास्तरनं आबासाहेबाले दोनदा बनवलं, आधी तत्त्व सांगून आणि मग भोळेपण दाखवून. तो पुन्हा खूश झाला, एवढंच त्यात बरं.

जायच्या दिवशी माझं सामान नारायणच्या गाडीत. गाडी ओट्यापुढून तशीच पुढे गेली, त्यात नारायण बसलेला. मी मागून सायकलवर. मनात म्हटलं, आता उतरता येतंय, तर म्हाताऱ्या माणसाचा मान राखून जावं. पायडल वर येऊ दिलं, झोकात उतरलो, हात जोडले.

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आता काऊन उतरता मास्तर? आता तर गावात कोणीच उतरत नाई."

मी खाली मान घालून सायकल धरली. गाडी लांब गेली होती, ती गाठायची होती. आणि तेव्हा लक्षात आलं, की उतरायचं शिकलो, चढायचं कुठं शिकलोय? चढायला मला अजूनही ओटा लागतो. आणि जवळपास ओटा एकच होता.

"आबासाहेब," मी म्हटलं, "जरा सरकून बसता का?"