एकोडीला नेलेला कूलर

साकोलीत माझं कूलरचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मला एकोडीच्या आत्याची काळजी वाटली. मामाजी, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून ती एकटीच राहते. तिला न विचारताच एक नवा कूलर टेम्पोत टाकला आणि भरदुपारी तिच्या दारात उभा राहिलो.

"हा डबा कायले आणला रे बाबू?"

"गरमी किती होऊन राहिली, आत्या!"

"तुह्या साकोलीत होत असन. बस, पाणी पी."

तिचं अंगण बोडीला, म्हणजे गावच्या लहान तळ्याला लागून. तळ्याच्या बांधावर, पाळीवर, मोहाची जुनी झाडं, नव्या पानांनी गच्च. खाली खाट होती. जरा टेकलो, आणि डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं.

"घोरून राहिला होता," आत्या हसली.

थकव्यानं झोप लागली असेल, असं मी मनाला समजावलं. पण चैन पडेना. पुढच्या रविवारी दोन सारखे थर्मामीटर घेतले. एक दुकानाच्या टिनाखाली टांगला, दुसरा मोहाखाली. दोन वाजता बायकोनं फोनवर दुकानातला आकडा सांगितला. मी माझा थर्मामीटर पुसून पुन्हा पाहिला. इथं पाच-सहा अंश कमी!

आत्याला त्याचं काहीच नवल नव्हतं. "झाडं मुळानं पाणी ओढतेत अन् पानातून वाफ सोडतेत. मडकं पाझरलं का पाणी थंड होते ना, तसंच. तुह्या गावात सिमेंट दिवसभर ऊन पिते अन् मंग ओकत राहते."

कूलर परत न्यायला गेलो, तर आतल्या गवतात तिच्या कोंबडीनं अंडी घातलेली. "राहू दे आता," आत्या म्हणाली.

त्या पावसाळ्यात मी दुकानामागे करंज लावला. शेजारचा शिंपी म्हणाला, "कूलरवाला झाड लावून राहिला! दुकान बंद करतो काय?"

करंज आता टिनाच्या वर गेलाय. साकोली अजून तापतेच, त्यामुळे दुकानही चालतं. पण दुपारी शिंपी मशीन उचलून झाडाखाली येतो. गेल्या उन्हाळ्यात आत्या आली, सावलीत बसून चहा प्यायली आणि म्हणाली, "एका झाडानं काय होते? त्या भिंतीपाशीही लाव."

भिंत शिंप्याची होती. पाऊस पडल्यावर खड्डा त्यानंच खणला.