शेवटच्या नंबराचा एक गुण

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये नवीन आलेल्या मराठी माणसाला यथावकाश घर मिळायचं, मग गाडी मिळायची. पण त्याआधी त्याला आसावरीमावशींच्या पोळ्या मिळायच्या. इंडियन किराणा दुकानाच्या मागे, तांदळाच्या पोत्यांना लागून एक स्वयंपाकघर होतं. तिथे उभ्याने पोळ्या लाटण्यात मावशींची उमर गेली. करपलेली पोळी बाजूला आणि कच्ची राहिलेली परत तव्यावर, असा त्यांचा कायदा. गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून आलेलं असलं तरी कायदा बदलत नसे.

सुट्टीच्या दिवशीही सुट्टी नव्हती. मराठी मंडळाचा गणपती असला की मावशी जेवणाच्या टेबलामागे. दिवाळीला टेबलामागे. उन्हाळ्यातल्या क्रीडादिनाला सगळं गाव मैदानात आणि मावशी मंडपात, सामोशांच्या ट्रेजवळ. कोणी त्यांना तिथे उभं केलं नव्हतं, पण तिथून बाजूला व्हा असंही कोणी म्हटलं नव्हतं. शर्यतींचा आवाज कानावर यायचा. कोण जिंकलं ते लोक प्लेट घ्यायला आले की कळायचं.

मग मनगट गेलं. ऑपरेशन झालं, काम सुटलं, आणि मावशी घरात बसल्या. त्यांचे यजमान सुमंतराव विमानतळावर प्रवाशांची बस चालवून आधीच निवृत्त झालेले. दोघं मूळचे नागपूरचे. सुमंतरावांना घरात बसणं जमत होतं. मावशींना जमेना.

जून महिन्यात एका सकाळी टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता त्यांना युरोपातल्या देशांची मैदानी स्पर्धा दिसली. तिकडे संध्याकाळ होती. देश पुष्कळ, पण प्रत्येक शर्यतीत एका देशाचा एकच माणूस. धावणं, उड्या, गोळा, भाला, सगळ्याचे गुण एकत्र करायचे आणि देशाच्या नावावर लावायचे. पहिल्याला भरपूर गुण, मग एकेक कमी होत शेवटच्यालाही एक. अर्ध्यातून सोडली तर शून्य. आणि तळाला राहिलेल्या देशांनी पुढच्या वेळी खालच्या गटात जायचं.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक बाई सगळ्यांच्या फार मागे पडली होती. बाकीच्या पोचून पाणी पीत होत्या, ही एकटी पळत होती. कुंपणाशी तिच्या देशाची माणसं ती पहिली आल्यासारखी नाचत होती.

"हिला काऊन एवढं डोक्यावर घेताहेत?" सुमंतरावांनी विचारलं.

"एक गुण आणतेय ती."

"एकच?"

"तुम्ही आणून दाखवा."

सुमंतराव चहा प्यायला लागले.

मावशींनी दोन दिवस ती स्पर्धा पाहिली आणि तिसऱ्या दिवशी ईशानला फोन लावला. ईशान पुण्याचा, एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा, मंडळाच्या क्रीडा समितीचा प्रमुख. आल्या आल्या पहिले सहा महिने तो मावशींच्या पोळ्यांवर जगला होता, त्यामुळे फोन ठेवायची त्याची प्राज्ञा नव्हती.

"दरवर्षी तीच चार पोरं पळतात आणि तीच जिंकतात," मावशी म्हणाल्या. "बाकीचे खातात. हे असं करून बघ." आणि त्यांनी युरोपची रीत समजावून सांगितली.

ईशानला कल्पना पटली. पुढच्या क्रीडादिनासाठी गावाकडच्या भागांप्रमाणे सहा टीम पाडायच्या ठरल्या: पुणे, मुंबई, कोल्हापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ. पहिल्याला सहा गुण, शेवटच्याला एक, शर्यत सोडली तर शून्य. खालचा गट मात्र नव्हता. मग शेवटच्या टीमचं करायचं काय, यावर समितीने डोकं चालवलं. शेवटची टीम त्याच्या पुढच्या वर्षी खेळणार नाही, मैदानावर पाणी आणि जेवण सांभाळेल.

मावशींनी हे ऐकलं.

"मग विदर्भाला शेवटी येऊन चालायचं नाही," एवढंच म्हणाल्या. "मी त्या टेबलामागे परत जाणार नाही."

म्हणणं सोपं होतं. पुण्याची माणसं पोत्याने होती, मुंबईचीही. विदर्भाची मोजून चार घरं. कॅप्टन म्हणून अमितला उभं केलं. तो अमरावतीचा, पळण्यात वेगवान, बोलण्यात त्याहून. एकेक नाव भरता भरता बायकांची पंधराशे मीटर रिकामी राहिली. पावणेचार फेऱ्या. अमितच्या बायकोने हात जोडले. दुसरी म्हणाली, माझा गुडघा. तिसरीने फोनच उचलला नाही.

"सोडून देऊ, मावशी," अमित म्हणाला. "एका इव्हेंटचा शून्य."

"शून्य कशाला? माझं नाव लिही."

"यार मावशी, तुम्ही साठीच्या पुढे आहात."

"मी काय पहिली येणार म्हटलं का? एक गुण म्हटलं."

हिवाळा सरला तशा मावशी रोज सकाळी जवळच्या शाळेच्या ट्रॅकवर जाऊ लागल्या. आधी नुसतं चालणं. मग लांबीची एक बाजू पळणं, एक बाजू चालणं. मग एक पूर्ण फेरी. सुमंतराव बाकावर थर्मास घेऊन बसत.

"कासव पुढे गेलं बरं का," ते ओरडत.

"त्याला बघायला निदान उभे तरी राहा."

मावशींचा पळण्याचा वेग कोणाला दाखवण्यासारखा नव्हता. पण पहिल्या फेरीला जो, तोच शेवटच्या फेरीला. सकाळभर कणीक संपेपर्यंत हात एका लयीत चालवलेली बाई. सुरुवातीला हात भरभर चालवला तर शेवटी पोळ्या वाकड्या होतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते पायांनाही लागू आहे हे ट्रॅकवर कळलं. एप्रिलच्या अखेरीस पावणेचार फेऱ्या न थांबता झाल्या. त्या दिवशी सुमंतरावांनी चेष्टा केली नाही. चहा ओतून पुढे केला.

क्रीडादिन मे महिन्यातल्या एका शनिवारी होता. टेक्सासचं ऊन सकाळी नऊलाच पाठीवर बसलं. विदर्भाने चांगली झुंज दिली. अमित शंभर मीटरला दुसरा आला आणि ते सगळ्यांना सांगत फिरला. पण माणसं कमी, तीच तीन शर्यती पळून दमलेली. पंधराशे मीटर सगळ्यात शेवटी ठेवली होती. तिच्याआधी ईशानने भोंग्यावर गुण वाचले. तळाला दोन टीम होत्या, खानदेश आणि विदर्भ, आणि दोघींचे गुण सारखे.

अमित धावत आला. "मावशी, बाकीच्यांकडे बघूच नका. खानदेशची नेत्रा तेवढी बघा. ती मागे राहिली तर आपण वाचलो, ती पुढे गेली तर पुढच्या वर्षी आपण पाणी वाटणार."

"मला गणित येतं."

नेत्रा जळगावची, तिशीतली. तिला बाळ झालं तेव्हा आईचा व्हिसा नाकारला गेला होता. त्या दिवसांत मावशी काम संपवून तिच्या घरी जात. मऊ पोळ्या नेत, डिंकाचे लाडू नेत, बाळाला न्हाऊ घालत. सुरुवातीच्या रेषेवर ती मावशींशेजारी उभी राहिली आणि सवयीने वाकली.

"आत्ता पाया नको पडूस," मावशी म्हणाल्या. "बुटाची नाडी बघ. सुटलीय."

शिट्टी झाली. पाचजणी सुटल्या आणि मावशी निघाल्या. पहिल्या वळणावरच त्या एकट्या पडल्या. कडेला उभ्या असलेल्या एका मुलाने आईला विचारलं, "इज शी इन द रेस?" आईने त्याला गप्प केलं.

मावशींची दुसरी फेरी संपताना पुण्याची मुलगी त्यांच्या एक फेरी पुढे जाण्याच्या बेतात आली. मागून आवाज आला, "सॉरी मावशी, जाते हं." मग मुंबईची आली. "सॉरी मावशी." कोल्हापूरच्या मुलीने तर जाता जाता माफी मागितल्यासारखा छातीला हात लावला. मराठवाड्याच्या बाई थोडा वेळ बरोबरीने पळत राहिल्या, त्यांना पुढे जाणं प्रशस्त वाटेना. "जा गं बाई, मी काय फाटक आहे का?" मावशी म्हणाल्या, तेव्हा त्या गेल्या.

नेत्रा मात्र आली नाही. ती पहिल्या दोन फेऱ्या पुण्याच्या मुलीला चिकटून पळाली होती, आणि तिसरीत तिच्या पोटात कळ आली. मावशींना ती समोर दिसली. कमरेवर हात, तोंड वर, चालत होती. मावशींनी वेग वाढवला नाही, तोच ठेवला. अंतर कमी होत गेलं. शेवटच्या फेरीत, मंडपाच्या समोरच्या बाजूला, त्या नेत्राच्या बाजूने पुढे गेल्या.

विदर्भाची चार घरं कुंपणावर चढली. अमित घसा फाडून ओरडत होता. सुमंतराव आयुष्यात पहिल्यांदा बाकावरून उठून पळत मैदान ओलांडत होते, थर्मास हातातच.

बाकीच्या चौघी पोचल्या होत्या. ट्रॅकवर आता दोघीच होत्या. शेवटचं वळण आलं, आणि मावशींना पाठीमागे पावलं ऐकू आली. नेत्रा परत पळायला लागली होती. पावलं जवळ आली, खांद्याशी आली, आणि तिथेच राहिली. पुढे येईनात. मोठ्या माणसाबरोबर देवळात जाताना धाकट्याने एक पाऊल मागे राहावं, तशी.

मावशींचा स्वतःचा श्वास भात्यासारखा चालला होता. मागचा श्वास ऐकू येत होता. तो थकलेला नव्हता.

"कळ गेली का?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"गेली, मावशी."

"मग मागे काय करतेस?"

नेत्रा थोडं पळाली, मग म्हणाली, "तुम्हाला कसं मागे टाकू? राहू दे. तुम्ही जा पुढे."

समोर रेषा दिसत होती. पुढचं वर्ष दिसत होतं. टेबल, ट्रे, पेपर प्लेटा. काही न बोलता पळत राहिल्या असत्या तर काम झालं असतं. कोणालाही कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी सगळ्यांना ते गोडच वाटलं असतं.

"नेत्रा, मी तुला कधी कच्ची पोळी दिली?"

"नाही, मावशी."

"मग मला का देतेस?"

मागची पावलं एक क्षण चुकली.

"मला उपकाराचा नंबर नको," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "पळ. मी पण पळते. हातचं राखलंस तर तुझ्याशी बोलणार नाही."

आणि त्या खरंच पळाल्या. सगळी सकाळ, सगळा वसंत जपून ठेवलेला वेग त्यांनी तिथे सोडला. तो फार नव्हता, पण होता. नेत्रा पळाली. काही पावलं दोघी बरोबरीने होत्या, हात हाताला लागत होते. मग तिशीच्या पायांनी साठीच्या पायांना मागे टाकलं. रेषेवर दोघींमध्ये दोन हातांचं अंतर होतं.

विदर्भाची चार घरं कुंपणावरून खाली उतरली.

मावशी गवतात बसल्या. सुमंतराव धापा टाकत पोचले आणि त्यांच्याजवळ बसले. चहा ओतायला गेले तर निम्मा सांडला.

अमित आला. तो कुंपणालगत बरोबरीने पळत आला होता, शेवटच्या वळणावरचं सगळं त्याने ऐकलं होतं. "मावशी, ती थांबली होती. स्वतःहून थांबली होती. बोलायची काय गरज होती?"

"ती थांबली होती म्हणूनच."

"आपण खाली गेलो ना पण."

"गेलो. एक गुण घेऊन गेलो. तू शून्य लिहायला निघाला होतास."

अमित कपाळ चोळत उभा राहिला. सुमंतराव त्याला म्हणाले, "बाप्पा, हिच्याशी वाद घालू नकोस. मी चाळीस वर्षांत एकही जिंकलो नाही, आणि मी तर हातचं राखत नाही."

ईशानने निकाल वाचला. पुणे पहिलं, विदर्भ सहावं. विदर्भाच्या नावाला टाळ्या जरा जास्तच पडल्या. मावशींना ते आवडलं नाही. सहाव्याला सहाव्याच्या मापानेच टाळ्या पडाव्यात, असं त्यांचं मत.

मंडपात अमित आणि त्याची बायको पुढच्या वर्षीची कामं आत्ताच वाटून घेत होती. कोणीतरी म्हणालं, मावशींना यातून वगळू, त्यांनी खूप केलंय.

"वगळायचं नाही," मावशी म्हणाल्या. "खेळले टीममध्ये, तर हरले पण टीममध्ये. माझ्या वाटणीला येईल तेवढं करीन. जास्त नाही. अमित, सामोसे तू तळशील."

"मला तळता येत नाही."

"वर्ष आहे. शिकवते."

निघायच्या वेळी नेत्रा गाडीपाशी आली. कडेवर पोर, डोळे लाल.

"रागावलात का, मावशी?"

"रागावले. पहिल्या दोन फेऱ्या त्या पुण्याच्या पोरीच्या मागे कशाला लागलीस? पोटात दुखणारच. तुझ्या वेगाने पळाली असतीस तर तिसरी आली असतीस."

"मी तुमच्याबद्दल विचारतेय. पुढच्या वर्षीचं. तुम्हाला परत तिथे उभं राहायचं नव्हतं ना?"

मावशींनी गाडीचं दार धरलं. गुडघ्यावर गवताचे डाग होते.

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "अजूनही नाही. पण एक वर्षाचं आहे ते. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही मैदानात. तोवर पायांची सवय सुटायला नको." मग पोराच्या गालाला हात लावून त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी शाळेच्या ट्रॅकवर येतेस?"

"उद्या? उद्या रविवार आहे, मावशी. आज तर पळालो."

"म्हणून सावकाश पळू. सहाला ये. याला घेऊन ये, काका बसतात बाकावर."

सुमंतरावांनी स्टिअरिंगवरून मान वर केली. "मला कोणी विचारलं का?"

"नाही," मावशी म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.