आडवा पडलेला ऊस

"साहेब, पाणी तर काचेवानी हाय. अन् तुम्ही खराब म्हणायलात?" भाऊरावांनी ग्लास उंच धरून ग्रामसभेला दाखवला. सगळे हसले.

निलंग्याजवळच्या त्या गावाच्या सार्वजनिक विहिरीत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं. लातूरच्या लॅबमध्ये ती टेस्ट मीच केली होती. नायट्रेटला रंग नसतो, वास नसतो. उसाला पेलला नाही तेवढा युरिया पाण्याबरोबर जमिनीत झिरपतो आणि विहिरीत उतरतो. तान्ह्या बाळाच्या बाटलीत असं पाणी गेलं, तर रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. बाळ निळं पडू शकतं. पाणी उकळूनही ते जात नाही. भाऊरावांची नात बाटलीनंच दूध प्यायची. तिच्यासाठी दुसरीकडून पाणी आणायचं त्यांनी कबूल केलं. युरियाचं मात्र ऐकेनात.

"शेजाऱ्याचा ऊस काळाभोर दिसायला. मी कायला कमी टाकू?"

सोबत कृषी सहायक वैशाली होती. नोकरीत माझ्यापेक्षा कितीतरी नवी. ती म्हणाली, "काका, अर्ध्या रानात तुमच्या मनानं टाका. अर्ध्यात माझ्या हिशेबानं, थोडा थोडा, हप्त्यानं."

"हाव, हे जमतंय."

माझ्या पोटात दुखलं. नमुना माझा, रिपोर्ट माझा, आणि होकाराचा 'हाव' तिला! पुढं दर फेरीला ती 'ताई', मी 'पाणीवाले'. परतताना तिच्या पिशवीत भाऊरावांच्या घरच्या शेंगा असायच्या. माझ्याकडे नमुन्याची बाटली.

भादव्यात वादळी पाऊस झाला. जास्त युरियानं उंच, लुसलुशीत वाढलेला भाऊरावांचा ऊस आडवा झाला. वैशालीच्या हिशेबाचा अर्धा उभा होता. तिचाही पडला असता तर बरं झालं असतं, असं बांधावर क्षणभर मला वाटलं. शेजारी येऊन बघून गेला. पुढच्या लागणीला अख्ख्या शिवारानं तिचा हिशेब धरला.

आणखी दोन पावसाळे गेले आणि विहीर मर्यादेत आली. मी लगेच वरिष्ठांना फोन केला.

"वा! वैशालीचा सत्कार ठेवू."

"सर, टेस्ट मी..."

"हो हो, तुम्हीही या. फोटो काढायला कुणीतरी लागेलच."

फोटो मीच काढला. चांगला आला.

तेव्हापासून मी गावात आधी रिपोर्ट वाचत नाही. शेतकऱ्याला आकडा नाही, आडवा पडलेला ऊस दाखवावा लागतो. हे मला तिच्याकडून शिकावं लागलं, याचाच जास्त राग येतो.