एका टेपचे तीन वाटे

रविवारी देवळालीत माझे हातपाय गार पडले. अजून नीट ऊब आलेली नाही, म्हणून लिहून मोकळा होतोय...

मामाचा टेपरेकॉर्डर तुम्ही पाहिलाय. रीळ एकच, दुसरं आणायचं तर मुंबई गाठा. म्हणून मी त्या एका टेपचे तीन वाटे केले होते. वरच्या खिडकीत आकडे फिरतात ना, त्यांवर हद्दी ठरवल्या.

दोनशेपर्यंत मी. म्हणजे कारखान्याचा भोंगा, उसाच्या चरकाची घरघर, माझी ती बिनशब्दांची कविता (हसा, हसा). चारशेपर्यंत सखारामबुवांचं भजनी मंडळ. त्यापुढे चर्चवाले.

चर्चवाल्यांच्या वाट्यात एकच गाणं होतं. गेल्या नाताळात योहानमास्तरांनी म्हटलेलं. उन्हाळ्यात मास्तर गेले... आता त्यांचा आवाज जगात फक्त त्या टेपवर.

रविवारी प्रार्थना आटोपून मार्थाबाई, मास्तरांची बायको, आमच्या ओट्यावर आल्या. "लाव रे. आज ऐकवंल असं वाटतंय." पाठोपाठ बुवाही आले. मास्तर त्यांच्या भजनात पेटी वाजवायचे, त्यामुळे तेही घरचेच.

मी आकडे चारशेवर आणले, बटण दाबलं... आणि टाळ-मृदंग!

वाटलं, जरा अलीकडेच थांबलो. पुढे नेलं. टाळ. अजून पुढे... बुवांची तान.

नवीन भरलं की खालचं पुसलं जातं, हे मीच सगळ्यांना शिकवलेलं. सप्ताहात बुवांचं भजन भरलं तेव्हा मी परीक्षेसाठी नगरला, आणि मशीन माझ्या दोस्ताकडे, संपतकडे. तो भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक.

"चारशेचा आकडा आला तवा म्या हात केल्ता," तो म्हणाला. "पन बुवांचे डोळे मिटलेले. रंगात आलेल्या बुवाला मधीच थांबवतंय व्हय कोन?"

खरंच, कोण थांबवतं? निदान आमच्या गावात तरी कुणी नाही. हद्द माझी, पण भजन बुवांचं...

बुवा मटकन खाली बसले. "बंद कर त्ये. माझाच आवाज मला सोसंना."

मार्थाबाईंकडे बघायची माझी हिंमत नव्हती, आणि बटणाकडे हात जात नव्हता. टेप तशीच चालू राहिली. भजन संपलं. खट्... आणि मग एकदम कानाशी आल्यासारखं,

"झालं का? बंद कर मग. मार्था, च्या कुठंय गं? घसा सुकला."

मास्तर!

गाणं आख्खं गेलं होतं. नाताळात गाणं संपल्यावर बटण बंद करायला मला जरा उशीर झाला, तेवढीच शेपटी उरली होती.

मार्थाबाई ताडकन उठल्या. आमच्याच घरात, चुलीच्या दिशेनं चार पावलं गेल्या... आणि थबकल्या.

संपत तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला.

मग त्या परत येऊन बसल्या. "गाणं सगळ्या चर्चला पाठ हाय," म्हणाल्या. "पन हे... हे कुठं हुतं? परत लाव."

परत लावलं. परत. बुवा तोंडावर उपरणं धरून बसले होते.

इतकं मोजूनमापून वाटे केले मी... आणि जे हाती लागलं, ते कुठल्याच वाट्यात धरलेलं नव्हतं. दोन दिवस झाले, डोकं ताळ्यावर नाही.

तेवढा तुकडा कापून वेगळ्या चकतीवर गुंडाळून मार्थाबाईंना दिला. ऐकायचा झाला की त्या ओट्यावर येतात, आई आधी चहा टाकते.

आणि माझा वाटा, भोंग्यासकट, बुवांना देऊन टाकला. आता गाताना त्यांनी खुशाल डोळे मिटावेत.